डब्यावरची बाई माझी होती

त्या संध्याकाळी आम्ही दोघा नवरा-बायकोनं अंगणात बाज कसली. उन्हाळ्यात सुतळी ढिली पडते आणि बाजेची झोळी होते. पायथ्याकडून मी दोरी ओढत होतो, मधल्या सुतळीवर गुडघा देऊन ती विणीचा ताण धरत होती.

"ओढा ना जोरानं. जेवले नाई का आज?"

"तू धर नीट. झोळी तुया अंगाखाली होते, माया नाई."

"मंग खाली झोपत जा ना. बाज माया बापानं देल्ली हाय."

असं म्हणून ती हसली. तिचा वरचा एक दात दुसऱ्या दातावर चढलेला होता, हसली की तो आधी दिसायचा. दोरी बांधून झाल्यावर तिनं बाजेवर हात आपटून पाहिला, ढोलकीसारखा आवाज आला, आणि ती भाकरी टाकायला आत गेली. एवढंच. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून काहीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या नळाला पाणी नव्हतं. अकोल्याचा मे महिना. ती भर उन्हात लांबच्या विहिरीवर गेली आणि परत आली ती भिंत धरून. ऊन लागलं होतं. तळपायाला कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, ते सगळं उलटून पडलं. दुपार कलायच्या आत ती गेली.

याला आता जन्म उलटून गेला. लोक म्हणतात, बुढ्या, आता तरी राग सोड. कायले सोडू? मागच्या वर्षी भाच्यानं मला हायवेवरच्या एका नव्या हॉटेलात जेवायला नेलं. दारावर लिहिलं होतं, 'अस्सल वऱ्हाडी'. आत भिंतीवर कंदील टांगलेला, जातं ठेवलेलं, बैलाची घुंगरं. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये, आत दिवा लावून शोभेला ठेवलेला, गंज चढलेला तेलाचा डबा. डब्यावर चार हातांची लक्ष्मी. तिचा वरचा एक दात दुसऱ्या दातावर चढलेला.

मी न जेवता उठलो. भाचा विचारत राहिला, मामा काय झालं. गाडीत बसून काय सांगणार? म्हणून लिहितो. चौथीपर्यंत शिकलो आहे, तेवढं जमतं.

ती बाई माझी होती. तिला त्या डब्यावर कोणी बसवलं आणि तिनं त्याची काय किंमत दिली, ते सांगतो.

मी तेव्हा अकोल्यात कापसाच्या प्रेसमध्ये होतो. जिनातून, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातून, निघालेली रुई दाबून तिच्या गाठी बांधतात, त्या गाठींवर मार्का मारायचं काम माझं. पत्र्यात अक्षरं कापलेली असायची, तो पत्रा गाठीवर ठेवायचा आणि काळ्या शाईचा ब्रश फिरवायचा. आतमध्ये रुई ओली आहे का पिवळी आहे, हे गाठ सांगत नाही. मार्का सांगेल ते खरं. मी मार्का मारला की ती गाठ मालकाची. तीच गाठ दुसऱ्याच्या पत्र्याखाली गेली असती तर दुसऱ्याची झाली असती. गाठीला कोणी विचारत नसे.

ती प्रेसच्याच अंगणात, जिनाच्या बाजूला, बायांबरोबर कापसातला कचरा निवडायची.

नागपूरला दीक्षा झाली तेव्हा आम्ही दोघं गेलो होतो. पांढरी साडी पाहिजे असं कळलं. आमच्याकडे कुठली पांढरी साडी? तिनं माझी दोन धोतरं जोडून शिवली आणि तीच नेसली. परत आल्यावर घरातले देव एका फडक्यात बांधून मोर्णेत सोडून आली. एकटी गेली. मला म्हणाली, "तुमी नका येऊ. तुमाले रडू येईन."

पण एक देव राहिला होता. तिच्या डाव्या मनगटावर लहानपणी गोंदलेलं तुळशीवृंदावन होतं. ते नदीत कसं सोडणार? परीट लोक कपड्यावर खूण करायला बिब्बा वापरतात, ती खूण जन्मात जात नाही, आणि अंगाला लागला तर कातडी जळते. तिनं बिब्ब्याचं तेल काढून मनगटावर लावलं. हात कोपरापर्यंत सुजला, पिकला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं मलाच शिव्या घातल्या, काय बह्याड माणूस आहेस, बायकोला हे करू दिलं म्हणून. बरं झाल्यावर मी पट्टी सोडून पाहिलं. कातडी सुरकुतली होती, काळी-गुलाबी झाली होती.

"निंघालं का?" मी विचारलं.

"निंघालं नाई," ती म्हणाली. "पण आता कोनी वाचू शकत नाई."

तिला अक्षर येत नव्हतं. पण वस्तीत एक मास्तर यायचे, त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून तिनं सगळी वंदना पाठ केली. पाली भाषा, शब्दाला शब्द. मास्तरांची बदली झाली तेव्हा बायांना शिकवायला तीच उरली. दर पौर्णिमेला आमच्या विहारात, म्हणजे चार बल्ल्यांवर टाकलेल्या पत्र्याच्या छपरात, ती सर्वांच्या पुढं उभी राहायची. ती म्हणायची आणि मागून सगळ्या बाया म्हणायच्या. जिनात ती बायांच्या रांगेत शेवटी बसायची. लग्नाकार्यात आमचे लोक गावाबाहेर शेवटच्या पंगतीला. जन्मात ती पुढं उभी राहिली ती फक्त त्या छपराखाली. ती जागा तिची होती, आणि तिला ती माझ्यापेक्षाही प्यारी होती. हे मी तिला एकदा म्हटलं तर ती म्हणाली, "व्हय. तुमी तं आयते भेटले."

मग नवं राज्य झालं. आमच्या प्रेसच्या फाटकावर आधी मध्य प्रदेश लिहिलेलं होतं, ते खोडून मुंबई राज्य लिहिलं, ते खोडून महाराष्ट्र लिहिलं. पेंटर तोच, शिडी तीच. फाटकाच्या आत आम्ही जे होतो तेच होतो. पण नव्या राज्याचा सगळीकडे मोठा बाजा वाजत होता, आणि मालकांना वाटलं, याच बाजात आपल्या मिलमधलं सरकीचं तेल विकावं. आतापर्यंत तेल सुटं जायचं. आता सीलबंद डब्यात, आपल्या छापीनं. त्या छापीचं नाव मी इथं लिहिणार नाही. पन्नास वर्षं फुकट जाहिरात झाली, आता माझ्या हातून नको.

मुंबईहून एक जाहिरातवाला आला. काळा चष्मा, गळ्यात कॅमेरा. जिनाच्या अंगणात बायांमधून हिंडत म्हणाला, "मला चेहरा पाहिजे. अस्सल मातीतला चेहरा."

एक बाई म्हणाली, "मातीतला पायजे तं खनून काढ ना बाप्पा."

सगळ्या हसल्या. हीसुद्धा हसली, आणि तिचा तो दात त्याला दिसला. त्यानं तिच्याकडं बोट केलं. नवीन राज्याची कष्टकरी बाई म्हणून फोटो काढायचा आहे, असं त्यानं सांगितलं. देवीबिवीचं नावही काढलं नाही.

ती म्हणाली, "आज नाई. उद्या काढा. मी साडी बदलून येते."

दुसऱ्या दिवशी ती पांढऱ्या साडीत कामावर आली. तोवर आम्ही खरीखुरी पांढरी साडी घेतली होती, पौर्णिमेलाच निघायची.

"ही काहून नेसली?" मी विचारलं.

"फोटो राह्यते," ती म्हणाली. "मानूस मरते, फोटो राह्यते. आपन कोन हाओत ते दिसू दे."

इथंच सगळं फसलं. आमच्या वस्तीतलं शेंबडं पोट्टंसुद्धा पांढरी साडी पाहून सांगेल की ही बाई कोण. आम्हाला वाटायचं, साऱ्या जगाला कळते. जाहिरातवाल्यानं तिला पाहिलं आणि टाळी वाजवली. "वा! पांढरी! कापूस! हे मला सुचलं नव्हतं." तिला रुईच्या ढिगासमोर उभं केलं आणि म्हणाला, "बाई, नमस्कार करा."

"नमस्कार नाई. मी वंदना करते."

"तेच ते, तेच ते," तो म्हणाला आणि फोटो काढला.

दिवाळीच्या तोंडावर कॅलेंडर आलं. मालकांनी अकोल्यात, अमरावतीत, अचलपुरापर्यंत प्रत्येक किराणा दुकानात फुकट वाटलं. आम्ही सामान घ्यायला गेलो त्या दुकानात गल्ल्याच्या वर ते टांगलेलं होतं. कापसाच्या उमललेल्या बोंडावर बसलेली लक्ष्मी. पांढरी साडी, पण रेशमी, जरीच्या काठाची. रंग दुधासारखा. जोडलेले दोन हात होते तसेच होते, आणि मागून आणखी दोन काढले होते. एका हातात तेलाचा डबा, दुसऱ्यातून मोहरा पडतात. चारही हातांत कोपरापर्यंत बांगड्या, कातडी लोण्यासारखी. चेहरा मात्र तिचा. हनुवटी तिची, डोळे तिचे, दातावर दात तिचा.

आम्ही पायरीखाली उभे होतो. त्या दुकानात आमची उभं राहायची जागा तीच होती. दुकानदार उदबत्ती ओवाळत होता. ओवाळून झाल्यावर कॅलेंडरच्या पाया पडला, मग वळून आमच्या पिशवीत वरूनच डाळ सोडली. सुटे पैसे फळीवर टाकले, तिच्या हातात नाही. ती टक लावून वर पाहत होती.

दुकानदार म्हणाला, "काय पाह्यतं व? देवी आवडली का?"

"नाक बरोबर नाई काढलं," ती म्हणाली.

त्याला ते कळलं नाही. घरी येऊन तिनं पिशवी ठेवली आणि म्हणाली, "एक देव जाळाले मले महिनाभर पू गाळा लागला. अन् या भाड्यानं एका घडीत चार हात लावून देल्ले."

वस्तीत सगळ्यांनी ओळखलं. न ओळखायला काय झालं? तोच चेहरा दर पौर्णिमेला त्यांच्या पुढं असायचा. कोणी म्हणालं, हिनं पैसे घेतले. कोणी म्हणालं, हिच्या मनातून देव गेलाच नव्हता. पौर्णिमेच्या आधी बैठक बसली. आमच्या वस्तीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक म्हातारे होते, सगळे त्यांचं ऐकायचे. माणूस सरळ होता, म्हणून जास्त लागलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "तू हे जानून केलं असं कोनीच मनत नाई. पण आपन बावीस गोष्टींची शपथ घेतली. कोनत्याच देव-देवीले मानणार नाई मनलं. अन् आता आपल्या वंदनेले जी बाई पुढं उभी हाय, तीच बजारात लक्ष्मी होऊन बसली, तेही आपलीच पांढरी साडी नेसून. पोट्टे इचारतात. त्यायले काय सांगू?"

"सांगा का ते चित्र खोटं हाय."

"चित्र तं घरोघरी हाय, माय. तुयं खरं सांगाले घरोघरी कोन जाईन?"

"मंग काय करू?"

"चित्र निंघेपर्यंत मांगं उभी राह्य."

तिनं विचारलं, "मायी जागा कोनाले देता?"

"कोनालेच नाई. खाली राह्यल."

जागा खाली राहिली. पौर्णिमेला सगळ्या बाया दुसऱ्या रांगेपासून उभ्या राहायच्या, ही शेवटच्या रांगेत, आणि पुढं मोकळी जमीन. सुरुवात कोण करणार हेच ठरेना. एक बाई एक ओळ घ्यायची, दुसरी मध्येच तिसरी ओळ घ्यायची. ही मागं तोंड मिटून उभी. घरी मी म्हटलं, निदान मागून तरी म्हण. ती म्हणाली, "चुकलं तं सांगाव वाटते. सांगाचा हक्क नाई राह्यला."

आम्ही मॅनेजरकडं गेलो. मालक भेटत नसत, मॅनेजर भेटायचा. त्यानं आम्हाला दारातच उभं केलं.

"साहेब, माया चेहरा काढून टाका," ती म्हणाली.

"कुठून?"

"डब्यावरून. कॅलेंडरवरून."

"बाई, ते तुमचं चित्र नाही. ती लक्ष्मी आहे. फोटो नुसता नमुन्यासाठी होता."

तिनं डावा हात पुढं केला, पदर सरकवून मनगट दाखवलं. "मायं नाई तं हा हात कुठं हाय त्याच्यात?"

त्यानं तोंड फिरवलं. "जळका हात डब्यावर कोण घेईल?"

"मंग जळक्या हाताच्या बाईचं तोंड काहून घेतलं?"

मॅनेजर शिकलेला होता, चिडला नाही. समजावून सांगायला लागला. छाप रजिस्टर झाली आहे. लोक तेल घेत नाहीत, चेहरा घेतात. बायांचा त्या चेहऱ्यावर विश्वास बसला आहे. बाजारात एकदा चेहरा बसला की तो बदलता येत नाही, कंपनी बुडते.

ती म्हणाली, "साहेब, आमी लाखो लोकायनं एका दिवसात धरम बदलला, देव बदलले. तुमच्या राज्याची पाटी दोनदा बदलली. अन् तुमाले एक डबा बदलता येत नाई?"

त्यानं टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाला, "तुम्ही बदललं हो, बाई. पण लोकांनी बदललं का?"

मी आत शिरून त्याचं टेबल उलटवणार होतो. तिनं माझा सदरा मागून धरला. मॅनेजर मला म्हणाला, "तू आपल्याच प्रेसमध्ये आहेस ना?" त्याचा अर्थ सांगायची गरज नव्हती.

त्याचं ते वाक्य मी आजही विसरलो नाही. वाईट याचं वाटतं की ते खोटं नव्हतं. आम्ही आमचं नाव स्वतः घेतलं होतं. पण नाव स्वतः घेऊन होत नाही, दुसऱ्यानं त्या नावानं हाक मारावी लागते. दुकानदार, तलाठी, शाळेतला गुरुजी, सगळ्यांच्या हातात जुनाच पत्रा होता आणि जुनीच शाई होती. ज्या बाईला ते पायरी चढू देत नव्हते तिला त्यांनी गल्ल्यावर बसवलं, कारण त्यांना वाटलं की ती त्यांची आहे. आमची आहे हे कळलं असतं तर? हा विचार माझ्या डोक्यात तेव्हाच आला.

मी तिला म्हटलं, "चल, बजारात जाऊन सांगतो. एकेका दुकानात. ही बाई आमच्या वस्तीतली हाय. पाह्य कसे पटापटा कॅलेंडर उतरवतात."

"नाई सांगाचं," ती म्हणाली.

"काहून?"

"मिलवाल्यानं इज्जतीनं काढलं तं माया चेहरा मले वापस भेटते. दुकानदारानं फेकलं तं तो चित्र नाई फेकत, मले फेकते. अन् मंग वस्तीले सामान कोन देईन?"

"तं मंग असंच राह्याचं?"

"मी जाईन ना दर दिवाळीले मॅनेजरकडं. एक दिवस कटाळून काढीन."

ती खरंच जायची. दिवाळीच्या आधी नवीन कॅलेंडर छापायच्या वेळी ती पांढरी साडी नेसून मिलच्या ऑफिससमोर जाऊन उभी राहायची. पहिल्या वर्षी मॅनेजर बाहेर येऊन बोलला. मग चपराशाला पाठवायचा. मग फाटकावरूनच परत पाठवू लागले. चपराशी आमच्याच ओळखीचा, तोही थट्टा करायचा, "आली का देवी दर्शन द्याले?"

आणि डबे. ज्याच्या घरी डबा रिकामा होईल तो विकायचा, आणि ते रिकामे डबे घ्यायचे कोण? आमचेच लोक. वरचा पत्रा कापायचा, आडवी काठी ठोकायची, झाला पाणी भरायचा डबा. फोडून सपाट केला की झाला छपराचा पत्रा. वस्तीत जिकडे पाहावं तिकडे ती. नळावर रांगेत सहा-सात डबे ठेवलेले, सगळ्यांवर ती, सगळ्यांवर चार हात. शेजारची एक बाई मुद्दाम म्हणायची, "लक्ष्मीबाई, पह्यले तुमी भरा. तुमाले तं चार हात हायेत, दोन फेरे वाचतीन."

तिनं आमच्या घरात तो डबा कधी येऊ दिला नाही. मातीच्या घागरी फुटल्या तरी मातीच्याच आणायची. त्या दिवशी लांबच्या विहिरीवरही ती मातीची घागर घेऊन गेली होती, भरलेली जड घागर, त्या उन्हात. डबा हलका असतो. हे मी कोणाला सांगत नाही. सांगितलं की लोक म्हणतात, घागरीनं कोणी मरत नाही.

ती गेली तेव्हा वस्ती जमली. तिला पांढरी साडी नेसवली. म्हातारे आले, त्यांनी बायांना वंदना घ्यायला सांगितलं. कोणी सुरुवात करेना. सगळ्यांना ती हिनंच शिकवलेली. शेवटी नळावर टोमणे मारणारी तीच शेजारीण पुढं आली आणि म्हणू लागली. अर्ध्यात अडकली. म्हातारे म्हणाले, "पुन्हा पह्यल्यापासून घे." तिनं पुन्हा घेतली, पुन्हा तिथंच अडकली, आणि तोंडात पदर कोंबून खाली बसली. मग मीच म्हटली. रोज घरात ऐकून मला येत होती.

म्हातारे माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "आज तिची जागा तिले देल्ली," ते म्हणाले. तिला खरंच सगळ्यांच्या पुढं ठेवलं होतं.

"आज ती आडवी हाय, बुवा," मी म्हटलं. "उभी होती तवा द्याची होती."

दिवस मावळता मावळता मोर्णेच्या काठी तिला अग्नी दिला.

सकाळी मी उठलो. अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि बाजारात गेलो. कोणाला सांगितलं नाही. म्हाताऱ्यांनी पाहिलं आणि विचारलं, कुठं चालला, आज कुठं जायचं नसते. मी म्हटलं, सामान आणतो.

दुकानदार नुकताच बसला होता. कॅलेंडरला ताजा हार होता, उदबत्ती जळत होती. मी पायरीखाली थांबलो नाही. पायरी चढून वर गेलो, गल्ल्यासमोर उभा राहिलो. तो दचकला.

"अरे, खाली, खाली. काय पाह्यजे?"

"काई नाई, शेठ. बातमी सांगाले आलो. ही काल गेली," मी कॅलेंडरकडं बोट केलं.

"कोन गेली?"

"ही. मायी बायको. तुमाले सांगनं मायं काम हाय. रोज पाया पडता तुमी तिच्या, मंग सुतक तुमालेही लागलं. दुकान बंद करा."

त्याला वाटलं मला वेड लागलं. तो हसलासुद्धा. "बह्याड झाला का? ही लक्ष्मी हाय."

"दात पाहा. जिनाच्या अंगणात फोटो काढला होता, आमच्या जिनातल्या सगळ्या बायायले माईत हाय, कोनालेही इचारा. दर आठवड्याले तुमच्या पायरीखाली उभी राह्यत होती. तुमी तिच्या पिशवीत वरून डाळ सोडत होते. नाक बरोबर नाई मनत होती ना, तीच."

त्याचा चेहरा हळूहळू बदलला. त्यानं एकदा कॅलेंडरकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. तिला कधी नीट पाहिलंच नव्हतं त्यानं, पण दात त्याला आठवला असावा. तेल घ्यायला आलेल्या दोन बाया मागं सरकल्या. बाजूच्या दुकानातला माणूस येऊन उभा राहिला. "काय झालं, काय झालं?" कोणी तरी त्याला सांगितलं.

दुकानदारानं गल्ल्याखालून एक लांब काठी काढली. काठीनंच कॅलेंडरचा दोरा उचलला, हारासकट खाली पाडलं आणि काठीनंच ढकलत नालीत टाकलं. मग आत ओरडला, "घरून गोमूत्र आनाले सांगा." हात त्यानं तिला लावला नाही. आत्ता आत्तापर्यंत त्याच हातानं तिला उदबत्ती ओवाळत होता.

तिनं सांगितलं होतं तेच झालं. तो चित्र फेकत नव्हता. मी नालीपाशी उभा राहून पाहिलं. पाण्यात कागद भिजला, रंग सुटायला लागला. मागून कोणी तरी म्हणालं, "आता जा ना बाप्पा इथून. झालं ना समाधान?"

समाधान कशाचं झालं? पण तिला त्या भिंतीवर चार हात लावून मी एक दिवसही अजून राहू देणार नव्हतो. मिलनं इज्जतीनं काढायची वाट पाहत ती गेली. मला वाट पाहायची नव्हती.

रस्त्याच्या पलीकडे दुसरं किराणा दुकान होतं. बातमी अजून तिथं पोचली नव्हती. गल्ल्याच्या वर ती होती, हार घातलेली. मी रस्ता ओलांडला, पायरी चढलो आणि म्हटलं, "शेठ, एक बातमी सांगाची हाय."